दातांच्या दवाखान्यातला गॅस: एसी चालू असला तरी तो जातो कुठे?

माझी मावसबहीण हिंगोलीत एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. "दादा, गॅस दिला त्या दिवशी संध्याकाळी डोकं जड होतं," ती म्हणाली. खोली बंद, एसी चालू. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, गॅससकट!

हा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साईड. घाबरणाऱ्या मुलांना तो ऑक्सिजनसोबत नाकावरच्या मास्कमधून देतात. मूल रडलं, तोंडाने श्वास सोडला, की गॅस थेट असिस्टंटसमोर. पेशंटचं काम अर्ध्या तासात संपतं, तिचं नाही. सतत श्वासात गेला तर हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो. १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात, गॅस ओढून घेण्याची सोय नसलेल्या ठिकाणी आठवड्याला ५ तास किंवा जास्त या गॅसच्या संपर्कात असलेल्या असिस्टंटना गर्भधारणेला जास्त वेळ लागल्याचं दिसलं.

उपाय म्हणजे स्कॅव्हेंजिंग: दुहेरी मास्क, आणि मिनिटाला साधारण ४५ लिटर हवा ओढून इमारतीबाहेर सोडणारी नळी. सोबत एक्झॉस्ट, तोही जमिनीलगत, कारण गॅस हवेपेक्षा दीडपट जड आहे. (आपल्याकडे तो छताजवळच बसवतात.) अमेरिकेतल्या नायोश संस्थेने सुचवलेली मर्यादा २५ पीपीएम आहे. मोबाईलमधलं एअर क्वालिटी ॲप हा गॅस दाखवत नाही.

बहिणीने परवा टॉर्च मारून नळीचा माग काढला. टोक बेसिनखाली मोकळं पडलं होतं.