‘नीट बस!’ : मुलांच्या पाठीच्या कण्याचा पाचशे वर्षांचा इतिहास

१/
‘नीट बस. पाठ ताठ कर. पाय हलवू नकोस.’ ही तीन वाक्ये ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणाचेही बालपण पार पडलेले नसेल. आज्ञा इतकी जुनी आणि इतकी सर्वत्र आहे की तिलाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. तो आहे, आणि तो नेहमीच निरुपद्रवी नव्हता. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेऊ. मूल कसे बसते, हा प्रश्न निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या लोकांच्या ताब्यात होता. प्रथम तो शिष्टाचार शिकवणाऱ्यांचा होता, मग वैद्यांचा झाला, त्यानंतर शाळाखात्याचा. प्रत्येकाची भीती वेगळी होती. आज्ञा मात्र तीच राहिली.

३/
१५३० साली मानवतावादी विद्वान इरॅस्मस याने मुलांच्या सभ्य वर्तनावर एक छोटे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. ते एका अकरा वर्षांच्या राजकुलीन मुलाला उद्देशून लिहिले होते. नजर कशी असावी, नाक कसे पुसावे, येथपासून गुडघे फाकवून बसू नये, येथपर्यंत सारे त्यात आहे. पुस्तक युरोपभर गाजले आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून शिकवले गेले.

४/
इरॅस्मसला मणक्याची चिंता नव्हती. बाह्य शरीर हा अंतःकरणाचा आरसा आहे, अशी त्याची धारणा होती. वेडेवाकडे बसणारा मुलगा त्याच्या लेखी आजारी नव्हे, असंस्कृत होता. ‘चार माणसांत असं बसतात का?’ हे आपल्या घरांतले वाक्य याच जातकुळीचे आहे.

५/
दोन शतकांनी प्रश्न वैद्याकडे गेला. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी व सुधारण्याविषयी ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकासाठी एक नवा शब्द घडवला. ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पाइस’ म्हणजे मूल. त्यातून झाला ‘ऑर्थोपेडी’.

६/
म्हणजे आज ज्या पाटीखाली आजोबांचा गुडघा तपासला जातो, त्या ‘ऑर्थोपेडिक’ शब्दाचा मूळ अर्थ ‘सरळ मूल’ असा आहे! आंद्रीच्या ग्रंथात एक चित्र आहे : वाकडे वाढणारे झाड एका सरळ खुंटाला दोरीने बांधलेले. हे चित्र पुढे या वैद्यकशाखेचे चिन्ह बनले. त्या दोरीकडे लक्ष असू द्या.

७/
एकोणिसाव्या शतकात युरोपात सक्तीचे शिक्षण पसरले. शेतात, अंगणात, कारखान्यात हालचाल करणारी लक्षावधी मुले दिवसाचे अनेक तास बाकांवर बसू लागली. सहा वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलालाही बहुधा एकाच मापाचा बाक मिळे. पाय लोंबकळत, मेज छातीशी येई, आणि पोक काढून लिहिण्यावाचून गत्यंतर नसे.

८/
झुरिकचे डॉक्टर फारनर यांनी १८६०च्या दशकात मूल आणि शाळेचे मेज यांचे नाते मोजायला घेतले. बैठक आणि मेज यांच्या उंचीत किती फरक असावा, त्यांच्या कडांमध्ये किती अंतर असावे, हे त्यांनी मांडले. वरवर ही सुतारकामाची बाब दिसते. पण दोष मुलात नसून बाकात असू शकतो, हा विचार तिच्यात होता.

९/
त्याच सुमारास ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासले. १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेड्यांतल्या शाळांत ऱ्हस्वदृष्टी दीड टक्क्याच्या आत होती. ‘जिम्नॅशियम’ म्हणवणाऱ्या उच्च शाळांत ती सव्वीस टक्क्यांच्या घरात गेली होती. शाळा जितकी वरची, तितके डोळे अधू.

१०/
कोन यांचे आकडे खरे होते, आणि त्यांनी पालकांची झोप उडवली. दोष कुणाला द्यायचा? अपुरा उजेड, बारीक छपाई, वाकून बसणे, सारेच आरोपी ठरले. पण उजेडासाठी इमारत बदलावी लागते, छपाईसाठी पुस्तके. मुलाला ‘ताठ बस’ म्हणायला काहीच खर्च येत नाही.

११/
आता या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र. डॅनिएल गॉटलोब मॉरिट्झ श्रेबर (१८०८–१८६१), लाइपझिगमधील ऑर्थोपेडिक संस्थेचे प्रमुख. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावे, व्यायाम करावा, असे ते सांगत. त्यांच्या मृत्यूनंतर एका शाळासंघाने मुलांच्या मैदानाला त्यांचे नाव दिले. जर्मनीतील ‘श्रेबर बागा’ आजही त्या नावाने ओळखल्या जातात.

१२/
पण १८५८ च्या त्यांच्या बालसंगोपनावरील ग्रंथात दुसरे श्रेबर दिसतात. त्यात ‘गेराडहाल्टर’, म्हणजे ‘सरळ धरणारा’, या साधनाचे चित्र आहे. मेजाला बसवलेली लोखंडी चौकट. तिचा आडवा दांडा मुलाच्या गळ्याखालच्या हाडांसमोर येई. मूल पुढे झुकले की दांडा हाडात रुते. वेदना टाळायची तर ताठ बसणे एवढाच मार्ग. आंद्रीच्या झाडाची दोरी आता लोखंडाची झाली होती.

१३/
झोपेत मूल कुशीवर वळू नये म्हणून पट्टे, हनुवटी नीट वाढावी म्हणून डोक्याभोवती पट्टे, अशी इतर साधनेही त्या ग्रंथात आहेत. हे सारे क्रौर्यातून आले नव्हते, हे समजून घेतले पाहिजे. आपण मुलाचे कल्याण करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती, आणि आपली पद्धत आपल्याच मुलांवर वापरल्याचे ते अभिमानाने सांगत.

१४/
त्यांचा धाकटा मुलगा डॅनिएल पाउल श्रेबर ड्रेस्डेनच्या उच्च न्यायालयात वरिष्ठ न्यायाधीश झाला. मध्यमवयात त्याला तीव्र मनोविकार जडला. १९०३ मध्ये त्याने आपल्या आजाराची स्मरणे प्रसिद्ध केली. छाती आवळली जात आहे, डोके दाबले जात आहे, माकडहाडाच्या वेदनेमुळे एका जागी बसू दिले जात नाही, असे भास त्यात तपशिलाने वर्णिले आहेत.

१५/
१९११ मध्ये फ्रॉइडने या पुस्तकावर गाजलेला निबंध लिहिला, पण वडिलांच्या साधनांचा विचार त्यात नाही. तो संबंध पुढच्या अभ्यासकांनी जोडला. इतर संशोधकांनी मात्र बजावले आहे की वडिलांची साधने हेच मुलाच्या आजाराचे कारण, असे सिद्ध करता येत नाही. हा इशारा योग्य आहे. मुलाचे शब्द आणि वडिलांची चित्रे शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. पण काटा म्हणजे पुरावा नव्हे.

१६/
विसाव्या शतकात हीच चिंता अमेरिकेत पोहोचली. १९१४ मध्ये ‘अमेरिकन पोश्चर लीग’ स्थापन झाली. शाळांत पाठीच्या तपासण्या होऊ लागल्या. अनेक नामांकित महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांची शरीराची ठेवण तपासण्यासाठी विवस्त्र छायाचित्रे घेतली जात, आणि ही प्रथा १९६०च्या दशकापर्यंत रेंगाळली. पाठ सरळ व्हावी म्हणून काढलेल्या त्या चित्रांत मुलांची लाज कुणी मोजली नाही.

१७/
या साऱ्याला सर्वांत तिखट उत्तर एका स्त्री-डॉक्टरने दिले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या ग्रंथात ‘शास्त्रशुद्ध’ बाकांचा खरपूस समाचार आहे. त्यांचा युक्तिवाद असा : कामामुळे मजुराला अंतर्गळ होत असेल, तर त्याला पट्टा देऊन भागत नाही; कामाची रीत बदलावी लागते. मुलाचा कणा शाळेत वाकत असेल, तर बाक नव्हे, शाळा बदला.

१८/
त्यांनी स्थिर बाक काढून टाकले. मुलाला स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या आणि लहान मेजे आणली, जमिनीवर बसून काम करण्यासाठी छोट्या सतरंज्या दिल्या. खुर्ची पडली तर आवाज होईल, आणि त्या आवाजातून मूल आपली हालचाल सावरायला शिकेल. दोरी सुटली, झाड मोडले नाही.

१९/
आपल्याकडे काय होते? पंतोजींच्या शाळेत बाकच नव्हते. मुले जमिनीवर मांडी घालून बसत आणि धुळपाटीवर अक्षरे गिरवत. पण म्हणून शरीर मोकळे होते असे नाही. आपल्या परंपरेत शरीराची ठेवण हीच शिक्षा झाली : अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे, कोंबडा होणे, कान धरून उठाबशा काढणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली. या शब्दांचे अर्थ मात्र आजही कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

२०/
१९३९ मध्ये माँटेसरी भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली. त्यांचे विचार मात्र आधीच पोहोचले होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

२१/
तेथे प्रश्नच पालटला. आदिवासी मुले गुरे राखायला जात; ती शाळेत येऊन बसणार कशी? तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. मूल कसे बसते याची उठाठेव करण्याऐवजी मूल जेथे आहे तेथे मोठ्यांनीच जाऊन बसायचे, ही पाचशे वर्षांच्या आज्ञेची उलटी बाजू होती.

२२/
मग बसण्याच्या पद्धतीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण भीती घातली जाते तसा नाही. किशोरवयात कणा बाजूला वळण्याचा जो सर्वांत सामान्य विकार आहे, तो वाकडे बसल्याने होत नाही. पाठदुखीसाठी एकच एक ‘योग्य’ बैठक संशोधनाला सापडलेली नाही. दीर्घकाळ न हलता बसणे टाळावे, यावर मात्र बरेच एकमत आहे. म्हणजे चुळबूळ करणारे मूल बहुधा शरीराचेच ऐकत असते.

२३/
आणि कोन यांचे ते अधू डोळे? जवळचे वाचन हे एक कारण मानले जाते. पण जी मुले दिवसाउजेडी अधिक वेळ बाहेर घालवतात, त्यांच्यात ऱ्हस्वदृष्टी कमी आढळते, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. ‘ताठ बस’ म्हणणाऱ्यांनी ‘बाहेर जाऊन खेळ’ म्हटले असते, तर डोळ्यांचे अधिक भले झाले असते.

२४/
इरॅस्मसला असभ्यतेची भीती होती, श्रेबरना दुबळ्या पिढीची, शाळांना बेशिस्तीची. प्रत्येकाने आपली भीती मुलाच्या पाठीवर ठेवली आणि मग ती पाठ वाकली म्हणून मुलालाच दटावले. पुढच्या वेळी ‘नीट बस’ हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबावे. बाक त्याच्या मापाचा आहे का? ते किती वेळ बसले आहे? आणि त्याला खेळायला जायचे आहे का?

(समाप्त)