लाल फीत

इंग्रजी भाषेतील ‘रेड टेप’ या वाक्प्रचाराचा मराठीत रूढ झालेला पर्याय. कायदेकानूंचे व दफ्तरी रिवाजांचे अक्षरशः पालन करण्याच्या नादात, ज्या प्रयोजनासाठी ते घालून दिलेले असतात ते प्रयोजनच नजरेआड व्हावे, अशी कारभाराची अवस्था त्याने सूचित होते.

आपल्याकडे पेशवे दफ्तरातील कागद जसे रुमालांत बांधून ठेवीत, तसे इंग्लंडात सरकारी व न्यायालयीन कागद तांबड्या रंगाच्या अरुंद फितीने बांधण्याचा प्रघात होता. तेथील बॅरिस्टरांकडे येणारे खटल्यांचे कागद आजही गुलाबी फितीने बांधलेले असतात. या निरुपद्रवी वस्तूला निंदाव्यंजक अर्थ एकोणिसाव्या शतकात कायमचा चिकटला, आणि त्यात टॉमस कार्लाइलच्या १८५० मधील राजकीय पत्रकांचा व चार्ल्स डिकिन्सच्या कादंबऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्या टीकेची सत्यता क्रिमियाच्या युद्धाने दारुण रीतीने पटवून दिली. १८५४ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैनिक स्कर्व्हीने जर्जर झालेले असताना, त्या व्याधीवरील उतारा म्हणून ठाऊक असलेला लिंबाचा रस डिसेंबरातच बालाक्लाव्हाच्या बंदरात दाखल झाला होता. परंतु रोजच्या शिध्यात तो समाविष्ट करण्याचा हुकूम कोणीच काढलेला नसल्यामुळे फेब्रुवारीपर्यंत तो वाटला गेला नाही. येथे कोणी लाच मागितली नव्हती, की माल लांबविला नव्हता. प्रत्येक अंमलदार आपापल्या अखत्यारीच्या मर्यादेत राहिला, आणि माणसे मरत राहिली. लाचलुचपत किंवा निव्वळ आळस यांना हा शब्द सरसकट लावण्याची प्रवृत्ती म्हणूनच सदोष मानली पाहिजे, कारण तिच्यामुळे निष्ठेने नियम पाळणाऱ्या माणसाच्या हातून घडणारा हा निराळा अनर्थ झाकला जातो.

तथापि प्रत्येक नियम म्हणजे लाल फीत नव्हे. एकाला जाचक वाटणारी तरतूद दुसऱ्याला आपले संरक्षण वाटते, असा विचार अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हर्बर्ट कॉफमन यांनी १९७७ मध्ये याच विषयावरील ग्रंथात मांडला असून, तो मननीय आहे.

इंग्रजीत हे नाम एकवचनीच योजतात व फीत ‘कापली’ जाते. मराठीत प्रकरण लाल फितीत ‘अडकते’, आणि अशा राज्यपद्धतीला ‘लालफीतशाही’ म्हणतात.