रक्ताची पेढी

रक्ताच्या नात्याची थोरवी आपण दिवाळीच्या फराळाबरोबर दरवर्षी चघळतो. परंतु परक्याचे रक्त अंगात घेऊन निर्धास्त राहावे, एवढी मजल मारायला माणसाला तीन शतके लागली, हा इतिहास मला अधिक चटकदार वाटतो.

1667 साली पॅरिसच्या दनी नावाच्या वैद्याने तापाने खंगलेल्या एका मुलाला कोकराचे रक्त दिले. मुलगा वाचला! वैद्यबुवांची हिंमत वाढली. पुढे एका वेडसर माणसाला वासराचे रक्त दिले. तो दगावला, प्रकरण कोर्टात गेले आणि ही विद्याच बासनात गेली. रक्तारक्तांत गट असतात आणि ते जुळावे लागतात, हे कोडे 1901 साली व्हिएन्नात लँडस्टायनर यांनी उलगडले. 1937 साली शिकागोच्या इस्पितळात डॉक्टर फँटस यांनी रक्ताचा साठा करून त्याला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले.

आता पेढी म्हटली की खोटे नाणे आलेच! 1943 साली अमेरिकेत बीसन यांनी सात रुग्णांची हकीकत छापली: रक्त मिळाल्यावर एक ते चार महिन्यांनी त्यांना कावीळ झाली होती. गट जुळला होता, बाटली स्वच्छ होती. चोर रक्तातच दडला होता. 1965 च्या सुमारास ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्या चोराची पहिली खूण सापडली. पुढे ती ‘बी’ काविळीची ठरली, आणि रक्त तपासून घेण्याची सोय झाली. एड्सच्या विषाणूची चाचणी 1985 साली आली.

पण नाणे खोटे का निघते? 1970 साली टिटमस ह्या इंग्रज पंडिताने ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना करून रोकडे उत्तर दिले. जो रक्त विकतो त्याला आपले दुखणे लपवण्यात फायदा असतो. जो दान करतो त्याला खोटे बोलण्याचे कारणच नसते. आपल्याकडेही गरजू माणसे पैशासाठी रक्त विकत. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून ही विक्री बंद झाली.

आज आपल्याकडे प्रत्येक पिशवी एड्स, ‘बी’ आणि ‘सी’ कावीळ, उपदंश व हिवताप यांसाठी तपासतात. तरीही संसर्गानंतरचे पहिले काही दिवस चाचणीलाही चकवतात. म्हणून रक्त देण्यापूर्वी जो प्रश्नांचा कागद हाती येतो तो भरताना, वाचकहो, कंटाळू नका. यंत्राच्या आधीची ती पहिली चाळणी आहे, आणि ती चालते केवळ आपल्या खरेपणावर.

थॅलेसेमियाने आजारी मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. त्यांच्या वाट्याला आयुष्यात शेकडो पिशव्या येतात, म्हणजे शेकडो अनोळखी माणसांचा शब्द. सणासुदीच्या सुट्टीत कचेऱ्या आणि महाविद्यालये बंद असतात, शिबिरे थंडावतात; पण त्या मुलांच्या रक्ताला सुट्टी नसते. फराळ झाल्यावर एखाद्या सकाळी जवळची रक्तपेढी गाठावी, आणि विचारले जाईल त्याचे खरे उत्तर द्यावे. रक्ताचे नाते म्हणतात ते मला तरी ह्याहून जवळचे दिसत नाही.