वाकवणं आणि मोडणं : वायरिंगच्या पाइपची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला विजेचे पाइप वाकवणं कुठून सुचलं?" खरं सांगायचं तर सुचलं नाही, अंगावर आलं. आमचं घर जुन्या इमारतीत आहे. दोन वर्षांपूर्वी झोपायच्या खोलीतली वायर जळाली. वायरमन आले, जुनी वायर ओढून नवी घालू म्हणाले. पण वायर हलेना. दोघांनी जोर लावला, तरी नाही. शेवटी भिंत फोडली. आत कोपऱ्यावर पाइप चपटा झालेला, त्यातच वायर चिमटली होती. ज्याने कोणी तीसेक वर्षांपूर्वी तो बसवला, त्याने वर प्लास्टर करून टाकलं आणि तो निघून गेला. वायरमन तो तुकडा हातात धरून म्हणाले, "सर, ह्यानं पाइप वाकवला नाही, मोडलाय."

आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हे मोठ्या अभिमानानं म्हणतात. पाइपाच्या जगात नेमकं उलटं आहे. तिथं ज्याला न मोडता वाकता येतं त्याचीच किंमत. तर आज आपण हे बघू की वायर पाइपात घालायची कल्पना आली कुठून, आणि पाइप नीट वाकवणं इतकं महत्त्वाचं का ठरलं.

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं आणि आसपासच्या इमारतींत दिवे लागले. वीज घरात आली खरी, पण घरात तिच्यासाठी जागाच नव्हती. घरं बांधली होती मेणबत्तीसाठी, तेलासाठी, गॅससाठी. म्हणून सुरुवातीला सूत गुंडाळलेल्या तारा लाकडावर ठोकल्या, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत दडवल्या, कुठे जुन्या गॅसच्या नळ्यांतूनही नेल्या. मग चिनी मातीचे गोटे आणि नळ्या आल्या. गोट्यावर तार ताणायची, तुळईतून न्यायची तिथे नळीतून न्यायची. हे काम चांगलं चाले, पण तार उघडी राही. उंदीर, ओल, खिळा यांतलं काहीही तिच्यापर्यंत पोहोचे.

याच काळात एडिसनच्या वर्तुळातला एक माणूस वेगळा विचार करत होता. त्याचं नाव एडवर्ड जॉन्सन. डिसेंबर १८८२ मध्ये घरच्या नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावणारा हाच तो. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने इंटीरिअर कंड्यूट अँड इन्शुलेशन कंपनी नावाच्या उद्योगाद्वारे कागदाच्या नळ्या आणल्या. डांबरासारख्या पदार्थात मुरवलेला कागद गुंडाळून केलेल्या. नळी कागदाची, यात फार काही नाही. विचार मोठा होता तो असा, की घर बांधताना भिंतीत वायर घालायचीच नाही. आधी रिकामी वाट घालायची. वायर नंतर येईल, खराब झाली तर निघेल, दुसरी जाईल.

इथं जरा थांबू या. आत्तापर्यंत कारागीर भिंतीत वस्तू बसवत होता. आता तो भिंतीत पोकळी बसवू लागला, आणि तीही पुढे येणाऱ्या कोणासाठी तरी. हा बदल आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

कागदाच्या नळीला खिळा सहज आरपार जाई. म्हणून तिच्यावर पत्रा चढला. एडिसनचाच जुना सहकारी सिग्मंड बर्गमन जर्मनीला परतला, तिथं असल्या पत्रा चढवलेल्या नळीला 'बर्गमन नळी' हेच नाव पडलं. ती वाकवायची पद्धत मजेशीर होती. एका खास पकडीनं आतल्या बाजूला एकामागोमाग चिमटे घेत जायचं, म्हणजे चुण्या पडत पडत नळी वळे. पुढे वायरीवरचं रबरी आवरणच सुधारलं, तेव्हा नळीनं विजेला अडवायची गरज उरली नाही, फक्त मार बसू न देणं एवढंच काम राहिलं. मग सरळ लोखंडी पाइप आला आणि वाकवण्याची खरी परीक्षा सुरू झाली.

पाइप वाकवताना काय होतं? बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. भरीव सळई हे निमूट सोसते. पोकळ पाइप मात्र पळवाट शोधतो. ताण चुकवायला तो चपटा होतो, नाहीतर आतल्या बाजूला घडी पडते. म्हणजे जी पोकळी राखायला पाइप घातला, तीच पहिल्यांदा जाते. यावर माणसानं दोन उपाय काढले. एक, आतून आधार द्यायचा. लोहार आणि नळकाम करणारे पूर्वीपासून पाइपात वाळू ठासून भरून मग वाकवत. आज आपले वायरमन पीव्हीसी पाइपात लांब स्प्रिंग घालतात, तिला दोरी बांधलेली असते, गुडघ्यावर टेकवून पाइप वळवतात आणि स्प्रिंग ओढून काढतात. दुसरा उपाय, बाहेरून आधार द्यायचा. अमेरिकेत आधी लांब दांड्याचं एक साधं हत्यार होतं, त्याला 'हिकी' म्हणत. त्यानं थोडं थोडं सरकत वाकवावं लागे आणि सगळा भरवसा हातावर असे. पुढे अर्धगोल खाचेचा 'बेंडर' आला. पाइप खाचेत बसतो, खाच त्याच्या कुशी धरून ठेवते, त्याला फुगून चपटं होऊ देत नाही. बेंडरवर बाणाची, ताऱ्याची खूण असते. कुठली खूण पाइपावरच्या रेघेशी जुळवायची, हे शिकण्यात शिकाऊ मुलाचे दिवस जातात.

आणि हो, हवं त्यापेक्षा किंचित जास्तच वाकवावं लागतं. सोडला की पाइप थोडा परत उलगडतो. तो 'किंचित' किती, हे आधी हाताला समजतं.

आता नियमाकडे येऊ. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ साली पहिल्यांदा आली आणि वेळोवेळी सुधारत गेली. तिच्यात पाइपाच्या वळणांबद्दल एक नियम आहे, तो आजही चालू आहे. वायर ओढायच्या दोन जागांमध्ये, म्हणजे एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत, सगळी वळणं मिळून ३६० अंशांपेक्षा जास्त भरता कामा नयेत. म्हणजे फार तर चार काटकोन. पाचवा हवा असेल तर मध्ये बॉक्स बसवा.

चारच का? गणितज्ञ ऑयलरनं अठराव्या शतकात खुंट्याला गुंडाळलेल्या दोरीचा हिशोब मांडला होता, तो इथं लागू पडतो. वळणावर वायर पाइपाला घासते आणि ओढ वाढते, पण ती बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. समजा घर्षण असं आहे की एका काटकोनाला ओढ दुप्पट होते. मग दोन काटकोनांना चौपट, तिसऱ्याला आठपट, चौथ्याला सोळापट, पाचव्याला बत्तीसपट. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, तीच भिंतीत घडते. गंमत अशी, की या हिशोबात वळण मोठं की लहान याला जागाच नाही, एकूण किती अंश वळलात एवढंच मोजलं जातं. लहान त्रिज्येचं वळण वायरीच्या आवरणाला जास्त दाबतं, ते नुकसान वेगळं. म्हणून चांगला कारागीर अंश खर्च करताना कंजुषी करतो. प्रत्येक वाकणाची किंमत नंतर ओढणारा मोजणार असतो.

ही कंजुषी करायला त्याच्याजवळ एक छोटं कोष्टक असतं. भिंतीवरून जाणाऱ्या पाइपाला समजा १० सेंटिमीटर वर उचलून पुन्हा समांतर न्यायचं आहे. दोन सारखी, उलटसुलट वाकणं द्यावी लागतात. दोन खुणांमध्ये अंतर किती? उंचीला एका आकड्यानं गुणा. ४५ अंशांना १.४, ३० अंशांना २, साडेबावीस अंशांना २.६. म्हणजे ४५ अंशांनी वाकवलं तर १४ सेंटिमीटर लागतात आणि ९० अंश खर्च होतात. साडेबावीसनी वाकवलं तर २६ सेंटिमीटर लागतात, पण अंश फक्त ४५. जागा असेल तर दुसरा मार्ग चांगला. जॅक बेनफिल्ड यांची वाकणकामावरची प्रसिद्ध पुस्तिका असो की एखाद्या कारागिराची वही, हे आकडे तेच.

हे आकडे बघून आम्ही चमकलो, कारण त्यांची आजी आपल्या ओळखीची आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटानं ज्यांचं कोष्टक दिलं. त्रिज्या धरली ३४३८ आणि काटकोनाचे २४ भाग केले, प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा. त्यातली सहावी पायरी म्हणजे बरोबर साडेबावीस अंश. तिची ज्या येते १३१५. आठवी पायरी ३० अंशांची, ज्या १७१९. बारावी ४५ अंशांची, ज्या २४३१. आता ३४३८ ला एकेकानं भागून बघा. २.६, २, १.४. कारागिराचा आकडा म्हणजे त्रिज्या भागिले ज्या, दुसरं काही नाही. आर्यभट आकाशातले ग्रह मोजत होता, आणि हा माणूस शिडीवर उभा राहून तुळई चुकवतोय.

त्या शब्दाचा प्रवासही सांगतो. 'ज्या', 'जीवा' अरबीत 'जिबा' झाला. अरबी लिपीत स्वर सगळे लिहीत नाहीत, म्हणून पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीशी असलेला खिसा. हिंदीतली 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं 'सायनस'. आणि त्या लॅटिन शब्दाचा एक अर्थ आहे वळण, वाकण! चुकीच्या वाचनातून निघालेला शब्द फिरत फिरत पाइपापाशीच येऊन थांबला.

आता आमची कबुली. ॲरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स'च्या आरंभीच म्हणतो की मुख्य कारागीर शहाणा, कारण त्याला कारण माहीत असतं. हातानं काम करणारे अग्नीसारखे. अग्नी जाळतो, पण का ते त्याला ठाऊक नसतं. हे आम्ही अनेक वर्षं वर्गात शिकवलं, आणि मनातून आम्हाला पटतही होतं. त्या दिवशी वायरमनना आम्ही विचारलं, "हा २.६ आकडा कुठून आला, माहीत आहे का?" ते म्हणाले, "नाही सर. उस्तादांनी सांगितला." आम्ही आतून जरा सुखावलो. मग त्यांनी विचारलं, "इथं मध्ये बॉक्स टाकू ना?" बॉक्स भिंतीवर वाईट दिसेल म्हणून आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "सर, बॉक्स नाही टाकला तर पुढच्या वेळी वायर निघणार नाही. तेव्हा शिव्या मलाच बसतील."

आम्हाला आकड्याचं कारण माहीत होतं, पण तो आकडा कोणासाठी आहे, ते त्यांना माहीत होतं. ॲरिस्टॉटलनं दुसरं मोजलंच नाही. भिंतीतल्या वळणाचं कारण म्हणजे नुसती ज्या नव्हे, तीस वर्षांनी येणारा अनोळखी माणूस हेही कारणच आहे. आधीच्यानं ते कारण मानलं नाही, म्हणून आमची भिंत फुटली.

बॉक्स बसला. त्यांनी शेजारून आणखी एक पाइप घातला, पुढेमागे लागला तर म्हणून. त्यात वायर नव्हती. जाताना त्यातून एक बारीक तार आरपार घालून दोन्ही टोकं गुंडाळून ठेवली. आम्ही विचारलं, "ही कशाला?"

"नंतर कोणी आला तर त्याला ओढायला."

इथं थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ.