अँझॅक डेची रेस आणि पाठीवरचं वजन

एप्रिलची २५ तारीख जवळ आली की मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्यांचे अंदाज यायला लागतात. अमुक ट्रेनरच्या तबेल्यातून कोण उतरणार, कुणाला आतलं गेट मिळालं, कोण ओल्या ट्रॅकवर खुलतो, जॉकी कोण आणि पाठीवर वजन किती. त्या दिवशीची सेंट लेजर ही तीन वर्षांच्या घोड्यांची २८०० मीटरची रेस, म्हणजे दमाचं काम. मी पैसे लावत नाही, पण हे अंदाज आवडीने वाचतो. आमच्या प्रोजेक्ट प्लॅनपेक्षा ते नक्कीच प्रामाणिक असतात. असो.

तर २५ एप्रिल म्हणजे अँझॅक डे. १९१५ साली याच दिवशी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांच्या स्मरणाची ही सुट्टी. पहाटे श्रद्धांजली, आणि रेस दुपारी. व्हिक्टोरिया राज्यात तसा कायदाच आहे. स्मृतिदिनाला कसली आलीय रेस, असं आपल्याला वाटेल. पण हे सैनिक रेसचं वेड युद्धावरही घेऊन गेले होते! २१ मार्च १९१७ ला सिनाईच्या टोकाला, रफाहमध्ये, त्यांनी चक्क रेस मीटिंग भरवली. एका रेसचं नाव होतं 'सिनाई ग्रँड नॅशनल'. पाचच दिवसांनी गाझाची पहिली लढाई झाली.

त्यांचे घोडे होते वेलर. न्यू साउथ वेल्सवरून पडलेलं नाव. थरोब्रेड, अरबी, केपचे घोडे, तिमोरची तट्टं अशा मिश्र रक्ताचे. म्हणजे आजच्या रेसच्या घोड्यांचे चुलतभाऊच म्हणा ना. एकोणिसाव्या शतकापासून ते आपल्याकडच्या फौजांसाठीही जहाजं भरभरून येत होते.

आता ३१ ऑक्टोबर १९१७ ला बीरशेब्याला जे झालं, त्याचा अंदाज तबेल्याच्या भाषेत लिहून बघा. मैदानात सुमारे ८०० घोडे, चौथ्या आणि बाराव्या लाइट हॉर्स रेजिमेंटचे. अंतर सुमारे ६ किलोमीटर. ट्रॅक कोरडा, समोर तुर्कांचे खंदक आणि मशीनगन. पाणी? कित्येक घोड्यांना आदल्या दिवसापासून नाही. आणि वजन, स्वार, खोगीर, दारूगोळा सगळं धरून १३० किलोच्या आसपास. सेंट लेजरच्या घोड्यावर साठच्या आतबाहेर असतं, आणि तिथे अर्ध्या किलोवरून वाद घालतात लोक. सैनिकांकडे तलवारीही नव्हत्या, हातात नुसत्या संगिनी. तरी संध्याकाळपर्यंत गाव आणि तिथल्या विहिरी हातात आल्या. ३१ सैनिक आणि निदान ७० घोडे गेले.

पुढचं कुणी फारसं सांगत नाही. युद्ध संपलं आणि १३,००० घोडे शिल्लक उरले. रोगराईच्या भीतीने ऑस्ट्रेलियाने त्यांना परत घेतलं नाही. म्हातारे-आजारी असे सुमारे २,००० निकालात काढले, ११,००० विकले. सैनिकांनी आपापले घोडे स्वतःच्या हाताने गोळी घालून मारले, ही गोष्ट सगळे डोळे पुसत सांगतात. काहींनी मारलेही असतील. पण हिशेब सांगतो की बहुतेक विकले गेले, आणि त्यातले जास्त हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याकडे. १९१८ मध्ये त्यांच्याच डेझर्ट माउंटेड कोअरमध्ये आपल्या पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्सचे स्वारही लढले होते. घोडा मेला की त्याच्यावर गाणं होतं, विकला गेला की त्याची फक्त पावती उरते.

परदेशी गेलेल्या १,३६,००० घोड्यांपैकी घरी परतला तो एकच, सँडी. गॅलिपोलीत मे १९१५ मध्ये गोळी लागून गेलेल्या जनरल ब्रिजेसचा घोडा. १९१८ मध्ये तो मेलबर्नला आला. फ्लेमिंग्टनच्या कडेने मेरिबर्नाँग नदी वाहते, तिच्याच नावाच्या भागातल्या लष्करी तबेल्यात त्याने शेवटची वर्षं काढली. १९२३ मध्ये, थकल्यावर, त्यालाही शांत करण्यात आलं. मग त्याचं डोकं पेंढा भरून युद्ध संग्रहालयात बरीच वर्षं ठेवलं होतं.