पुण्यातील स्वतंत्र चहा-कॉफीगृहे आणि सहपानाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मुळशी तालुक्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला आठवते ते प्रामुख्याने १९२१ च्या सत्याग्रहामुळे. त्याच तालुक्यातील लवळे या गावाच्या परिसरात या शतकाच्या आरंभापासून सिंबायोसिस, फ्लेम यांसारख्या संस्थांची संकुले उभी राहिली आणि देशाच्या सर्व प्रांतांतील विद्यार्थी येथे वास्तव्यास येऊ लागले. येथे नव्याने आलेला विद्यार्थी पहिल्या महिन्याभरातच शिक्षकाला एक ठरावीक प्रश्न विचारतो : पुण्यात बसण्याजोगे चांगले कॉफीगृह कोणते? आणि लगेच पुस्ती जोडतो की, साखळी दुकानांपैकी नको, येथलेच, स्वतंत्र असे हवे.

हा प्रश्न वरकरणी चैनीचा वाटतो. प्रस्तुत लेखकानेही तो पुष्कळ दिवस हसून सोडून दिला होता. परंतु ‘चांगले’ आणि ‘येथले’ या दोन्ही शब्दांचा अर्थ लावू गेल्यास आपण पेयाच्या चवीपासून दूर सरकतो आणि कोणी कोणाबरोबर बसून प्यावे, या जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. पुण्यातील चहा-कॉफीगृहांची पारख या कसोटीवर करावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

युरोपीय कॉफीगृहांविषयीचे विवेचन आपल्याकडे बहुधा युर्गेन हाबरमास यांच्या १९६२ च्या ग्रंथाच्या आधारे केले जाते. लंडनमध्ये १६५२ च्या सुमारास पहिले कॉफीगृह निघाले. तेथील चर्चांची धास्ती घेऊन दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या अखेरीस ती बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि थोड्याच दिवसांत तो मागे घेतला. एक पेनी देणारा कोणीही तेथे बसू शकत असे, ही त्या इतिहासातील नेहमी सांगितली जाणारी बाब. स्त्रियांना तेथे फारसे स्थान नव्हते, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. आपल्याकडे मात्र पेनीच्या आधी जात विचारली जात होती. म्हणून लंडनचा नमुना पुण्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

चहाचा पेला आणि १८९० चे पुणे

महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, त्याच पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि तेथे उपस्थितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्या. महादेव गोविंद रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी तेथे होती. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास केवळ हात लावला. हा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर होतील अशी व्यवस्था केली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले.

प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी मित्रमंडळींची अडचण ध्यानात घेऊन १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. या प्रसंगाने घरात किती अस्वस्थता निर्माण झाली, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींत वाचावयास मिळते. या प्रकरणाची चर्चा सामान्यतः सुधारक विरुद्ध सनातनी या अंगाने होते आणि ती योग्यच आहे. तथापि एक साधी गोष्ट त्यात निसटते. चहाची पाने कोठून आली यावर कोणाचा आक्षेप नव्हता. वाद होता तो पेला कोणाच्या हातचा आणि पंक्ती कोणाची यावर. उच्च न्यायालयाच्या पदापर्यंत पोहोचणाऱ्या माणसालाही परक्याच्या घरचा चहा पचविता येऊ नये, अशा शहरात सार्वजनिक चहागृह चालणार कसे?

ते चालले. परंतु ते एका वाटेने आले नाही.

इराणी, अमृततुल्य आणि उडुपी

पहिली वाट इराण्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून जरथुश्त्री आणि काही मुस्लिम कुटुंबे मुंबईस व पुढे पुण्यास आली. दुष्काळ, दारिद्र्य आणि जरथुश्त्रींच्या बाबतीत धार्मिक जाच ही त्यामागची कारणे होत. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळीत आणि त्या इराण्यांना सुलभपणे मिळत, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्याने या हॉटेलांना दोन रस्त्यांचा उजेड आणि दोन बाजूंचे गिऱ्हाईक दिले. संगमरवरी पृष्ठाची टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरील आरसे, गल्ल्यावर बसलेला मालक आणि बन-मस्क्याबरोबर कडक चहा, ही त्यांची ओळख सर्वांच्या परिचयाची आहे. इराणी हा येथील जातिव्यवस्थेच्या उतरंडीत कोठेच बसत नव्हता, ही गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची आहे. त्याच्या हातचा चहा सनातन्याला सारखाच वर्ज्य होता. त्यामुळे जो आत शिरला तो तेवढ्यापुरता नियम बाहेर ठेवूनच शिरला.

डेक्कन जिमखान्यावरील कॅफे गुडलक हे १९३५ मध्ये सुरू झालेले हॉटेल या परंपरेतील पुण्यातील सर्वांत परिचित उदाहरण होय. फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी हे त्याचे हक्काचे गिऱ्हाईक. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली होती. तिच्या ‘हम एक हैं’ (१९४६) या चित्रपटातून पदार्पण करणारे देव आनंद येथे येत असत, हे गुडलकच्या संदर्भात हमखास सांगितले जाते. प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये निघालेल्या चित्रपट संस्थेच्या विद्यार्थ्यांनीही पुढे येथे बैठक मारली. चौकाला हॉटेलचे नाव पडावे आणि ते बसवाहकापासून सर्वांच्या तोंडी रुळावे, याहून मोठी मान्यता कोणत्याही दुकानास मिळत नाही.

दुसरी वाट अमृततुल्यची. ही दुकाने मुख्यतः राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पेठांमध्ये काढली. सोन्या मारुती चौकाजवळील आद्य अमृततुल्य हे १९२४ पासूनचे. दर्शनी भागातच शेगडी, पितळी पातेले, खलात कुटलेले आले-वेलदोडे, फडक्याने गाळलेला दाट गोड चहा आणि बसावयास अरुंद बाकडे, असा हा थाट. दुकानांची नावे बहुधा देवदेवतांची. इराण्याकडे न जाणाऱ्या पेठेतील माणसाला चहा बाहेर पिण्याची सवय या दुकानांनी लावली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. चहा करणारा ब्राह्मण आहे, ही खात्री दर्शनी शेगडीच देत होती. म्हणजे इराण्याने जो प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवला, त्याला अमृततुल्यने सोयीचे उत्तर शोधले. दोन्ही ठिकाणचा चहा तितकाच चांगला असला तरी इतिहासात ही दोन दुकाने एका ओळीत बसत नाहीत.

कॉफी या शहरात तिसऱ्या वाटेने आली. मराठी मध्यमवर्गीय घरात जायफळ घातलेली, दुधाची कॉफी पूर्वीपासून होती. उपवासाच्या दिवशी तिला विशेष मान असे. बाहेर मिळणारी गाळीव कॉफी मात्र दक्षिणेकडून आली. जागतिक मंदीत भाव कोसळल्यावर १९३५ च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसविण्यात आला. देशांतर्गत खप वाढविण्यासाठी स्थापन झालेल्या समितीने १९३६ मध्ये मुंबईत इंडिया कॉफी हाऊस उघडले. ही गृहे पन्नाशीच्या दशकात बंद होऊ लागली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून १९५७ पासून ती स्वतः चालविण्यास घेतली. मालक नसलेले आणि तरीही स्वतंत्र असे कॉफीगृह असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुण्यात कॉफीची ही जागा उडुपी हॉटेलांनी भरून काढली. उडुपी परिसरातील जगन्नाथ शेट्टी (१९३२–२०२३) अल्पवयात घर सोडून निघाले आणि १९४९ मध्ये पुण्यास आले. फर्ग्युसन रस्त्यावरील ‘कॅफे मद्रास’ आणि ‘मद्रास हेल्थ होम’ ही त्यांची हॉटेले पुढे अनुक्रमे ‘रूपाली’ आणि ‘वैशाली’ या नावांनी प्रसिद्धीस आली. मद्रासी नावे जाऊन मराठी कानाला घरची वाटणारी नावे आली, हा बदल लहान असला तरी बोलका आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील मुलाने काढलेले हॉटेल दोन पिढ्यांत अस्सल पुणेरी ठरते. तेव्हा ‘येथले’ या शब्दाचा अर्थ मूळ गाव असा घेता येत नाही. गुडलक, आद्य अमृततुल्य आणि वैशाली, या तिघांचेही संस्थापक बाहेरून आलेले होते.

बसण्याचा अधिकार

या गृहांचे वर्णन करताना मोकळेपणाचा गौरव करण्याचा मोह होतो. त्यास आवर घालणे आवश्यक आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागला, त्याअर्थी तो प्रवेश सर्वांना नव्हता. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने नकार हा दंडनीय अपराध ठरविला. ग्रामीण भागात तर चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथा कायद्यानंतरही टिकून राहिली. ती कपबशी त्याने स्वतः विसळून ठेवावी, अशी अपेक्षा असे. डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभारावी लागली ती १९७० च्या दशकात, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

स्त्रियांविषयी स्वतंत्र निबंध व्हावयास हवा. इराणी हॉटेलातील ‘फॅमिली रूम’, म्हणजे पडद्याआडचे दोन-चार कप्पे, ही एका अर्थी सोय होती आणि दुसऱ्या अर्थी हद्द. अमृततुल्यच्या बाकड्यावर तेवढीही सोय नव्हती. मैत्रिणींचा गट कोणी सोबतीस नसताना हॉटेलच्या दर्शनी टेबलावर तासभर गप्पा मारीत बसणे, ही आज फर्ग्युसन रस्त्यावर कोणाच्या लक्षातही न येणारी घटना प्रस्तुत लेखकाच्या मते शहराच्या सामाजिक इतिहासातील मोठ्या घटनांपैकी एक आहे. तिची तारीख मात्र कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

साखळी, टपरी आणि लवळे

बंगळूर येथे १९९६ मध्ये कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले आणि २०१२ मध्ये स्टारबक्स मुंबईत आले. दरम्यान डेक्कनवरील लकी, कॅम्पातील नाझ ही इराणी हॉटेले बंद झाली. त्याचे खापर केवळ साखळ्यांवर फोडणे सोपे आहे. परंतु कोपऱ्यावरील जागेचे वाढलेले मोल आणि पहाटे चारला भट्टी पेटविण्यास पुढील पिढीची नाखुशी, ही कारणे त्याहून जुनी आहेत. गेल्या दशकात तर अमृततुल्य हे नावच साखळ्यांनी उचलले. आता पेठेतील जुन्या दुकानाला आपण मूळचे आहोत हे पाटीवर लिहावे लागते.

साखळी दुकानाची एक बाजू मान्य करावयास हवी. तेथे जात विचारली जात नाही आणि एकटी मुलगी निर्धास्तपणे पुस्तक घेऊन बसू शकते. प्रवेश ठरतो तो दरपत्रकावर. लवळ्याच्या परिसरात हे फार स्पष्ट दिसते. संकुलातील कॉफीच्या खिडकीपर्यंत पोहोचण्यास ओळखपत्र लागते. प्रवेशद्वाराबाहेरील टपरीवर मात्र सुरक्षारक्षक, डंपरचा चालक, गावातील गवळी आणि आसामहून आलेली विद्यार्थिनी एकाच बाकड्यावर असतात. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला म्हणजे प्रस्तुत लेखक प्रथम या टपरीकडे बोट दाखवितो, मग कॉफीसाठी वैशाली आणि बन-मस्क्यासाठी सकाळी आठच्या आत गुडलक सांगतो.

या टपरीला नाव नाही आणि पाटीही नाही. रस्ता रुंद होईल तेव्हा ती उठेल. जुन्या हॉटेलांची दरपत्रके, परवाने, बिलबुके आणि गल्ल्यावर आयुष्य काढलेल्यांच्या मुलाखती हे साहित्य स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आताच गोळा केले नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती केवळ चौकाचे नाव उरेल. प्रस्तुत लेखकाने आपल्या वर्गापुरता आरंभ प्रवेशद्वाराबाहेरच्या टपरीपासून केला आहे. पहिल्या दिवशी मालकाने विद्यार्थ्यांनाच उलट विचारले, “लिहून घेताय ते ठीक, पण चहा किती?”