क्रोशा : सुई, शब्द आणि हौस

मराठीत ‘विणणे’ ह्या एका क्रियापदाचा व्याप फार मोठा आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो, बाजही विणली जाते आणि लोकरीचा स्वेटरही विणलाच जातो. धागा, बांबू की सुंभ, हा भेद क्रियापद करीत नाही. अशा भाषेत एखादी नवी विणकला आली तर तिच्यासाठी वेगळे क्रियापद घडण्याचे कारण उरत नाही. केवळ साधनाचे नाव जोडले म्हणजे काम भागते. क्रोश्याचे तसेच झाले. ‘क्रोश्याने विणणे’ ह्या शब्दप्रयोगातील पहिला शब्द परका आणि दुसरा घरचा आहे, आणि ह्या जोडणीतच त्या कलेचा मराठी घरातील इतिहास सामावलेला आहे.

‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द ‘क्रोक’ म्हणजे आकडा ह्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय. त्याचा अर्थ केवळ ‘लहान आकडा’ असा आहे. कलेचे नाव साधनावरून पडले आहे, ही गोष्ट तिच्या वयाविषयीही काही सांगते. ह्या कलेला प्राचीन ठरविण्याची हौस अनेक लोकप्रिय लेखकांनी भागवून घेतली आहे. परंतु डॅनिश अभ्यासिका लिस पालूदान यांनी केलेल्या शोधात १८०० पूर्वी युरोपात क्रोशा प्रचलित असल्याचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. ‘पेनेलोपे’ ह्या डच नियतकालिकाने १८२३ च्या सुमारास क्रोश्याचे नमुने छापले, आणि १८४० नंतरच्या दशकात इंग्रजीत ह्या विषयावरील पुस्तके एकामागून एक निघू लागली. विणकामांच्या कुळात क्रोशा हे धाकटे भावंड आहे.

त्याच्या आधीची पायरी मात्र हिंदुस्थानाशी संबंधित असण्याचा संभव अभ्यासक मानतात. ताणून बसविलेल्या कापडातून आकडीदार टोच्याने दोरा वर ओढून साखळीटाका घालण्याची पद्धत अठराव्या शतकात युरोपात पसरली. कापड ज्या गोल चौकटीवर ताणीत ती ढोलकाप्रमाणे दिसे, म्हणून फ्रेंचांनी तिला ‘तांबूर’, म्हणजे ढोल, असे नाव दिले. हेच काम कच्छमधील मोची ‘आरी’ने करीत, आणि गुजरातेतील असे भरतकाम सतराव्या शतकात इंग्लंडला निर्यात होत होते. आरी हे मूळचे चर्मकाराचे हत्यार. संस्कृतातील ‘आरा’ हा तिचा पूर्वज ऋग्वेदात पूषन् देवतेच्या हाती दिसतो, आणि मराठीत चांभाराची आरी आजही आरीच आहे. कापड बाजूला सारून तोच साखळीटाका नुसत्या धाग्यावर, अधांतरी घालण्यास प्रारंभ झाला आणि त्यातून क्रोशा जन्मला, ही उपपत्ती बरीच मान्य झालेली आहे. ती पूर्णांशाने सिद्ध झाली आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु क्रोश्याचा पहिला टाका मराठीतही ‘साखळी’च आहे, हे ह्या संदर्भात नोंदविण्यासारखे आहे.

ज्या काळात ही कला इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत करमणूक म्हणून रुळत होती, त्याच काळात शेजारच्या आयर्लंडमध्ये ती पोटाचे साधन बनली. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून तेथे भीषण दुष्काळ ओढवला. कॉर्क येथील उर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकविला. मोनॅहन परगण्यातील क्लोन्स येथे धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ मध्ये हेच कार्य आरंभिले. व्हेनिसच्या सुईच्या लेसचे अनुकरण क्रोश्याने करता येत होते, आणि वेळही कमी लागत होता. गुलाब, तीन पानांचा शॅमरॉक, नेच्याची पाने असे तुकडे निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या स्त्रिया विणीत आणि दुसरे हात ते जाळीत जोडीत. हा माल लंडन-पॅरिसच्या बाजारात जाई आणि श्रीमंतांच्या पोशाखांवर चढे; फॅशन पालटली की मागणी कोसळे. जी वस्तू एका घरात फावल्या वेळाचे चिन्ह होती, तीच दुसऱ्या घरात चूल पेटती ठेवीत होती. टाके तेच होते. फरक होता तो टाके घालणारीच्या परिस्थितीत.

महाराष्ट्रात सुईकामाचे पाश्चात्य प्रकार आले ते प्रामुख्याने शाळेच्या वाटेने. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार पुढे अहमदनगरला गेल्या. मिशनच्या शाळांतून वाचन-लेखनाच्या जोडीला शिवण शिकविली जात असे. मुलीने हातात पुस्तक धरणे ज्या समाजाला रुचत नव्हते, त्याला तिच्या हातातील सुई कमी खुपत होती. म्हणून सुईने पुस्तकाला वाट करून दिली असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हेतू बदलला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण-भरतकामाचे वर्ग चालत, ते निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी. तेथे सुई हे शोभेचे साधन नव्हते.

परंतु संस्थांच्या ह्या इतिहासातून एक गोष्ट निसटते. क्रोशा घरोघरी पोचला तो केवळ शाळेच्या आधारे नव्हे. शेजारणीकडून शेजारणीकडे, आत्याकडून भाचीकडे, माजघरात आणि वाड्याच्या ओसरीवर तो पसरला. आणि त्या प्रवासात त्याची जी परिभाषा बनली, ती कोणत्याही परिभाषा-मंडळाने घडविलेली नाही. ‘साखळी’ हा इंग्रजी किंवा फ्रेंच शब्दाचा अनुवाद म्हणता येईल. ‘खांब’ हा तसा नाही. सुईवर धागा घेऊन उंच ओढलेल्या टाक्याला इंग्रजीत ‘ट्रेबल’, म्हणजे ‘तिहेरी’, असे संख्यावाचक नाव आहे. फ्रेंचात त्याला लगामाचे नाव मिळाले. जर्मन भाषा त्याला ‘लहान काठी’ म्हणते, आणि मराठी कल्पनेच्या ती सर्वांत जवळ आहे. परंतु मराठी गृहिणींना जर्मन नमुन्यांचा आधार होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी जे दिसले त्याला नाव दिले. साखळीची जोती, तिच्यावर उभे राहिलेले खांब, खांबांच्या मधल्या मोकळ्या चौकटी: लाकडी घरात वावरणाऱ्या डोळ्यांना ह्यापेक्षा वेगळे काय दिसणार? ज्या आखूड टाक्याला खांबाची उंची येतच नाही, त्याला त्यांनी ‘मुका खांब’ म्हटले. ‘मुका मार’ ह्यातील ‘मुका’ येथे किती नेमका बसला आहे! असा शब्द पाठ्यपुस्तकातून उतरत नाही. काम करता करता, मौजेने बोलता बोलता तो सुचतो.

साधनाच्या नावाविषयीही हेच दिसते. नेढे नसलेल्या आकड्याला ‘सुई’ म्हणणे तर्काला धरून नाही. ‘गळ’ किंवा ‘आकडी’ हे शब्द हाताशी होते. तरीही प्रचारात राहिली ती ‘क्रोश्याची सुई’च, कारण घरातील ज्या डब्यात ती ठेवली जाई तो सुईदोऱ्याचा डबा होता. मूळ शब्दाचा अंत्य ‘ए’ जाऊन ‘आ’ आला, हेही अर्थपूर्ण आहे. ‘क्रोशा’ हे आकारान्त पुल्लिंगी रूप झाल्याबरोबर ते ‘घोडा-घोड्याचा’ ह्या वर्गात जाऊन बसले, आणि ‘क्रोश्याचा रुमाल’, ‘क्रोश्याने विणलेले तोरण’ अशी रूपे निर्माण झाली. ‘क्रोशाचा’ असे सामान्यरूप न घेणारे रूपही चालते. पण ‘क्रोश्याचा’ म्हणणारीच्या लेखी तो शब्द परका राहिलेलाच नाही.

ह्या विणकामाला प्रेरक असलेल्या भावनेचे मराठी नाव ‘हौस’ आहे. अरबी ‘हवस’ म्हणजे अनावर इच्छा, वेड. मराठीत येता येता त्यातील वखवख गेली आणि प्रसन्नता राहिली. ‘हौसेने केले’ हा प्रशंसेचा उद्गार ठरला. रेडिओवरचे आच्छादन, ताटावरचा रुमाल, बाळाची कुंची, दारावरचे तोरण ह्या वस्तूंची निकड कोणालाच नव्हती. त्या विणल्या जात त्या विणण्यातील सुखासाठी, आणि एका विशिष्ट प्रसंगासाठी. लग्नातील रुखवत हे त्यांचे प्रदर्शन. तेथे लाडू-चकल्यांच्या शेजारी वधूच्या हातचे विणकाम मांडले जाई आणि वरपक्षाच्या स्त्रिया ते उलटून मागची बाजूही पाहत. परीक्षा होतीच, पण एरवी जिच्या श्रमावर कधी नाव पडत नसे, तिच्या नावाने काहीतरी मांडले जाण्याचा तो एक दुर्मीळ प्रसंग होता, हे विसरता येत नाही.

‘हौसेला मोल नाही’ अशी म्हण आहे. हौस अमोल असते, हा तिचा रूढ अर्थ. परंतु आंध्र प्रदेशातील नरसापूरचा वृत्तांत वाचल्यानंतर ह्या शब्दांचा दुसरा अर्थ पुढे येतो. गोदावरीच्या मुखाजवळच्या त्या भागात १८४४ च्या सुमारास मॅक्रे ह्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने लेसकाम आणले, असे मारिया मीस सांगतात. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात क्रोश्याची लेस विणणाऱ्या ह्या स्त्रियांचा अभ्यास आहे. दिवसाचे सहा-आठ तास त्या विणीत, माल परदेशी जाई, व्यापार पुरुषांच्या हाती असे. आणि त्यांना मिळणारे पैसे शेतमजूर स्त्रीसाठी ठरलेल्या किमान मजुरीपेक्षाही पुष्कळ कमी असत. समर्थन एकच होते: ह्या घरंदाज गृहिणी आहेत आणि फावल्या वेळात विणतात. शिरगणतीतही त्यांतील बहुतेकींची ‘कामगार’ म्हणून नोंद नव्हती. येथे ‘फावला वेळ’ हा शब्द वर्णन करीत नाही. तो मजुरी ठरवितो. ‘फावणे’ म्हणजे सवड मिळणे. ती कोणाला मिळाली, हे मात्र विणणारीला कोणी विचारीत नव्हते. नरसापूरच्या क्रोशा-लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणून मराठी घरातील क्रोश्याला निव्वळ छंद म्हणून बाजूला सारणे जसे अपुरे, तसेच त्यात केवळ झाकलेले श्रम पाहणेही अपुरे आहे. कष्टाने शिणलेली जीभ टाक्याला ‘मुका खांब’ म्हणत बसेल, हे संभवनीय वाटत नाही. त्या परिभाषेत मौज आहे, आणि मौज हा इतिहासाचा पुरावाच आहे.

हा पुरावा आता विरळ होत आहे. चलच्चित्रे पाहून शिकणाऱ्या तरुण मुली ‘सिंगल क्रोशे’, ‘डबल क्रोशे’ म्हणतात. शब्दाच्या अंती पुन्हा फ्रेंच ‘ए’ आला आहे आणि ‘क्रोश्याचा’ हे रूप त्यांना अडाणी वाटू लागले आहे. गंमत अशी की, ‘डबल क्रोशे’ म्हटले असता अमेरिकेत उंच खांब समजला जातो आणि इंग्लंडमध्ये आखूड टाका. त्यामुळे इंग्रजी नमुना कोणत्या देशाचा आहे हे पाहिल्याखेरीज पहिली ओळही विणता येत नाही. ‘खांब’ आणि ‘मुका खांब’ यांत असा घोटाळा होण्याचा प्रश्नच नव्हता.